लकडी पुलावरून न फेकलेलं चार नंबर

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दिग्या,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला आज उत्तर देतोय आणि इकडे हापूस संपून पायरी आलाय. शिव्या घालायच्या तेवढ्या घालून घे, मी थांबतो.

झाल्या? प्रकृती ठीक. बीपीची गोळी अर्धीची एक झाली, साखर काठावर, एक दाढ गेली. हिचं बरं आहे. तुझा गुडघा एव्हाना वाकत असेल असं धरून चालतो.

तर विषय असा की मी गोल्फच्या बॅगेतली वूड, लांब मारायचे ते मोठ्या डोक्याचे क्लब, बदलतोय.

हस. वहिनींनाही सांग म्हणजे त्याही हसतील. पण दुसऱ्या कोणाला सांगू? हिला सांगितलं तर म्हणाली, "लाकडी नाहीत तर वूड कशाला म्हणता?" मी म्हटलं, लकडी पुलात तरी कुठे लाकूड आहे. तेवढ्यानं तिचं समाधान झालं. मग मला उगाच ऊत आला आणि मी तिला पर्सिमनच्या लाकडापासून सुरुवात करून १९७९ साली टेलरमेडनं पहिलं धातूचं वूड बाजारात आणलं तिथपर्यंत सगळं ऐकवलं. तोवर तिची कोथिंबीर निवडून झाली होती. तुला आठवतं ना, आपण शिकलो ती भाड्याची लाकडी डोकी? पावसाळ्यात पाणी पिऊन फुगायची. ती भाड्यानं देणारा आप्पा जून लागायच्या आत त्यांना व्हार्निश मारून गच्चीत वाळत घालायचा, पापडांसारखी.

मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यातला शनिवार, आपली चौकडी. (तुझ्या जागी आता मेहेंदळ्यांचा जावई असतो. भोकापाशी पट करताना फोन घेतो. असो.) पहिला लांब फटका, ड्राइव्ह, बरा पडला होता. चेंडू फेअरवेच्या आखूड गवतात मधोमध, ताटात लाडू वाढावा तसा बसलेला. मी तीन नंबर वूड काढलं. पहिला टॉप झाला, चेंडूच्या डोक्यावर लागून २० यार्ड सरपटत गेला. दुसराही टॉप. तिसऱ्याला चेंडू जागच्या जागी आणि त्याच्या चार बोटं मागची जमीन मात्र उडाली. चौथ्यासाठी उभा राहिलो तर माझी बॅग वाहणारा बबन पुढे आला. माझ्या हातातून क्लब घेतला, टॉवेलनं पुसला, त्याला कव्हर घातलं आणि लोखंडी पात्याचं सात नंबर आयर्न हातात दिलं. गेल्या २५ वर्षांत या माणसानं न विचारता माझा क्लब बदललेला नाही. "राहू द्या ते साहेब आता," एवढंच म्हणाला.

त्या 'आता'नं माझी झोप उडवली, दिग्या.

मग गुपचूप फिटिंगला, अंगाला जुळणारे क्लब ठरवायला, गेलो. सरावाच्या रेंजवर एक पोरगा मशीन घेऊन बसतो, वय आपल्या चिन्मयएवढं. मला 'काका' म्हणतो आणि पाठीला हात लावून उभं करतो, जसं काही मी पडणारच आहे. क्लबच्या तोंडावर पायाला मारायच्या पावडरचा फवारा मारतात. फटका बसला की पांढऱ्यावर चेंडूचा गोल ठसा उठतो. माझ्या तीन नंबरवरचे ठसे पाहिले असतेस तर म्हणाला असतास, याला देवी येऊन गेल्यात. एक टाचेशी, दोन पार टोकाला, बाकीचे तळाच्या कडेला. मधोमध एकही नाही.

आता आकडे सांगतो, तुझा जीव आकड्यांत असतो. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यांत लांब क्लबचा, वेग ताशी ८२ मैल. (तू तिकडे गेलास तेव्हा ९४ होता, निदान मी सगळ्यांना तसं सांगायचो.) तीन नंबर वूड हवेत सरासरी १६१ यार्ड. पाच नंबर १६४. पुन्हा वाच, नंबर मोठा तो क्लब आखूड, आणि तोच लांब जातो! मला वाटलं मशीन बिघडलं. पोरगा म्हणाला, "काका, मशीन नाही." कारण ऐकल्यावर पटलं. तीन नंबरचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, १५ अंश. जमिनीवरून एवढ्याशा लॉफ्टनं चेंडू उचलायचा तर अंगात वेग लागतो, तो नसला की चेंडू उठतो न उठतो तोच खाली बसतो. पाच नंबर १८ अंशांचं, शाफ्टचा दांडा अर्धा इंच आखूड, त्यामुळे चेंडू सापडतोही आणि चढतोही. उन्हाळ्यात जमीन कडक असताना तीन नंबर घरंगळत पुढे जायचं आणि आपल्याला वाटायचं की काय मारला! जुलैत चेंडू पडतो तिथेच रुततो. तेव्हा हवेतलं अंतर तेवढंच आपलं.

आयर्नचं तर बोलूच नको. चार नंबर १३८, पाच नंबर १३७. एका यार्डासाठी मी दहा वर्षं एक लोखंड वाहतोय. मी नाही, बबन वाहतोय.

पोरग्यानं मग सात नंबर वूड हातात दिलं. २१ अंश. मी म्हटलं, हे बायकांचं. त्यानं शांतपणे सांगितलं की डस्टिन जॉन्सन २०२० साली मास्टर्स ही मोठी स्पर्धा २० अंडरनं, म्हणजे ठरल्या फटक्यांहून २० कमी मारून, जिंकला तेव्हा त्याच्या बॅगेत सात नंबर होतं. तोंड बंद. मारून पाहिलं तर १५७, आणि उंची अशी की मान वर करून बघत राहिलो. चेंडू वरून खाली सरळ उतरतो आणि भोकाभोवतीच्या ग्रीनवर थांबतो. माझा लांबचा चेंडू ग्रीनवर थांबल्याचं तू शेवटचं कधी पाहिलंस?

दुकानातल्या एकाला मात्र मला नवंकोरं तीन नंबरच विकायचं होतं, ३५ हजाराला. "सर, याचा फेस हॉट आहे, चेंडू उसळतो." मी म्हटलं, बाबा, हॉट असून काय करू, तो चेंडूला लागला पाहिजे ना! शेवटी पाच आणि सात दोन्ही जुनी घेतली, एका डॉक्टरांनी हौसेनं घेऊन पाठदुखीनं सोडलेली. शाफ्ट रेग्युलरच आहे. सीनियर असं छापलेला पोरग्यानं पुढे केला होता, फटका त्यानंच बरा बसत होता, पण तो शब्द सबंध राउंडभर डोळ्यांसमोर नको होता. म्हण मूर्ख.

आणि आता हायब्रिड, अर्धं वूड अर्धं आयर्न.

हा शब्द मी स्वतःच्या हातानं लिहिलाय हे नीट बघून ठेव. जुलै २००४, रॉयल ट्रूनची ब्रिटिश ओपन, टॉड हॅमिल्टन बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये एर्नी एल्सला हरवतो. शेवटच्या होलला ग्रीनच्या अलीकडून हायब्रिडनं पटसारखा ढकलून चेंडू भोकाला लावतो. तुझ्या घरी पोह्यांच्या बशा हातात धरून आपण बघत होतो आणि तू सोफ्यावर उभा राहिलास. महिन्याभरात तुझ्या मावसभावानं अमेरिकेतून ते काळं चार नंबर हायब्रिड आणलं. मी त्या क्लबला काय काय म्हणालो ते सगळं आठवतंय. 'म्हातारचळ' हा त्यातला छापण्याजोगा शब्द. 'टेकत चालायला बरं' असंही म्हणालो होतो. तू तेव्हा ४२ वर्षांचा होतास.

त्याच डिसेंबरची स्पर्धा मी पुन्हा उगाळत नाही. (उगाळतोच.) चौथ्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, पाच नंबर काढायला हात घातला आणि बॅगेतून तुझं ते काळं डोकं वर आलं. मोजले तर १५, चालतात चौदाच. आपले शनिवारचे कर्नल समोरच उभे. प्रत्येक होलला दोन स्ट्रोक, जास्तीत जास्त चार असा दंड, चार चढले आणि मी तीननं हरलो. तू म्हणालास, आदल्या संध्याकाळी ठेवलं, गंमत म्हणून, तू एकदा तरी मारून बघशील म्हणून. मी म्हणालो, मुद्दाम, मला हरवायला. पार्किंगमध्ये जे बोललो ते तुझ्या गाडीच्या ड्रायव्हरनंही ऐकलं. पुढचे सात महिने आपण एकमेकांची लग्नकार्यं चुकवली.

खरं सांगायचं तर तुझं तेव्हाही खरं होतं, एवढं मला चौथ्या टीवरच कळलं होतं. मुद्दाम ठेवलं असतंस तर तू तिसऱ्या होलपर्यंत हसू दाबू शकला नसतास.

तुला माहीत नाही ते एवढंच की पुढच्या महिन्यात कर्नल घरी आले होते. चहा घेतला नाही. स्वतःचं तीन नंबर वूड माझ्या दाराशी छत्रीसारखं टेकवलं आणि म्हणाले, "नियम नियम आहे, हे वेगळं." ते त्याला शेवटपर्यंत 'स्पून' म्हणायचे, आणि दर शनिवारी जुन्या काळच्या जीन सॅराझेनची तीच कथा: १९३५ची मास्टर्स, ऑगस्टा, पंधरावं होल, २३५ यार्ड, चार नंबर वूड, थेट भोकात. मागच्या महिन्यात बबननं हातातून घेतलं ते हेच. कर्नलना जाऊन येत्या पंधरवड्यात दोन वर्षं होतील. तुझा फोन आला होता म्हणून त्यांच्या मुलीनं सांगितलं.

आता ऐक. समेट झाल्यावर तू विचारलंस, माझं चार नंबर कुठाय? मी सांगितलं, लकडी पुलावरून मुठेत फेकलं. तू ते चारचौघांत किस्सा म्हणून सांगायला लागलास, त्यामुळे मला मागे फिरता येईना. २००९ साली वाय. ई. यांगनं शेवटच्या होलवर हायब्रिडनं झाडावरून मारून टायगरला हरवलं. तू पहाटे फोन केलास, "आता तरी?" आणि मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. तेव्हाही ते माळ्यावरच होतं, पितळी समयांच्या पेटीमागे, तुझ्याच जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. पुलावर गेलो होतो हे खरं. कठड्याशी दहा मिनिटं उभा होतो. एक शेंगदाणेवाला म्हणाला, "काका, विसर्जन पुढच्या घाटावर." मी तेव्हाही काका होतो म्हणायचा.

फिटिंगहून आलो त्या रात्री खाली काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, रेंजवर कुत्रंही नसतं तेव्हा गेलो. पोरग्यानं आदल्या दिवशी नवं चार नंबर हायब्रिड मारायला दिलं होतं, माझ्याकडून ते दर वेळी डावीकडे गेलं, झाडूनं केर काढावा तसं. हायब्रिडला ती खोड असते म्हणे. तुझ्या चार नंबरनं पहिला चेंडू मारला. आवाज कसा आला सांगू? आलाच नाही. सरळ गेला. दुसराही. तिसरा थोडा उजवीकडे, तो माझा दोष. दिग्या, मी भर उन्हात एकटा उभा राहून मोठ्यानं हसलो. चेंडू गोळा करणारा पोरगा टोपली टाकून बघायला आला.

आता पेच बघ. ड्रायव्हर, पाच आणि सात वूड, नवं पाच नंबर हायब्रिड, सहा ते नऊ आयर्न, जवळचे फटके मारायची चार वेज (त्यांना हात लावायचा नाही), पटर. तेरा झाले. एक जागा उरते. कर्नलचं स्पून की तुझं चार नंबर? पोरगा म्हणतो, काका, तुमचं चार नंबर २२ अंशांचं, सात नंबर वूड २१ चं, एकाच पायरीवर दोन पाय कशाला? हिशेबानं बरोबर आहे. पण पावसाळ्यातलं आपलं रफ, ते कडेचं वाढलेलं गवत, त्यानं पाहिलेलं नाही. सात नंबरचं रुंद डोकं ओल्या गवतात अडकतं, हायब्रिड चिरत जातं. आणि स्पून निदान टीवरून तरी चालतं, तिथे ते अजून माझं ऐकतं. बबनला विचारलं. म्हणाला, "काळं ठेवा. दिघे साहेबांचं ना ते?" वीस वर्षांनी त्यानं बघताक्षणी ओळखलं.

तुझ्याकडचं सगळं त्या पत्रात होतं, मी वाचलंय. नवं घर, नातीचं बारसं, वहिनींची लायसन्सची परीक्षा, सगळ्याचं अभिनंदन एकदमच घे. बर्फ वितळला का? कोर्स उघडला असेल तर बाहेर पड, तळघरात जाळी लावून मारणं हे काही खेळणं नव्हे. डिसेंबरात येणार म्हणतोस ते नक्की का, तेवढं लवकर लिही, त्या जावयाला आधी सांगावं लागेल.

आणि एक. तुझ्या चार नंबरची ग्रिप पार गेलीय, हाताला काळं लागतं. काल बदलायला टाकायला गेलो, ६०० रुपये. काऊंटरवरच्या मुलानं डोकं उलटं करून पाहिलं. तळाला वहिनींच्या लाल नेलपॉलिशनं तू काढलेला 'दि' आहे, वेलांटीचं टोक तेवढं उडालंय. म्हणाला, "साहेब, हा डाग पण काढून देऊ? थिनरनं लगेच जाईल, पैसे नाही लावत." मी क्लब त्याच्या हातातून घेतला आणि परत आलो. आता दुसरं दुकान शोधतोय.

तुझा,
सुध्या