कुपीवर कोडच नसेल तर यंत्र वाचणार काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने कमी करता येतील, अशी चर्चा अलीकडे बरीच वाढली आहे. परिचर्या शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेली पाठ्यनिर्देशिका या नात्याने मी या तंत्रज्ञानाचे स्वागतच करते. मात्र ते नेमके कुठे वापरायचे आणि त्याआधी कोणती तयारी हवी, यावर फारसे कोणी बोलताना दिसत नाही.

अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असे आढळले, की डॉक्टरांनी औषध लिहून देताना केलेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या वेळीच लक्षात आल्या आणि त्या लक्षात आणून देण्यात सर्वांत मोठा वाटा परिचारिकांचा होता. औषध प्रत्यक्ष देताना झालेल्या चुकांपैकी मात्र जेमतेम २ टक्के अडवल्या गेल्या. डॉक्टरांच्या मागे औषधनिर्माता असतो, सिस्टर असते. सिस्टरच्या मागे कोणीच नसते. म्हणून यंत्राची गरज सर्वांत जास्त आहे ती रुग्णाच्या खाटेपाशी.

तिथे साधा बारकोडही किती काम करतो, हे बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन स्कॅन करूनच औषध द्यायचे, एवढ्या शिस्तीने वेळेच्या चुका वगळता इतर चुकांचे प्रमाण ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आले. पुढे २०२४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून कुपी आणि सिरिंज ओळखणारी प्रणाली तयार केली. चुकीच्या कुपीतून भरले जाणारे औषध तिने चाचणीत ९९.६ टक्के वेळा ओळखले.

आपल्याकडे घोडे अडते ते त्याही आधी. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, परंतु वेष्टनावर जागा अपुरी असेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे. इंजेक्शनची कुपी बोटभर असते. ती खोक्यातून निघून ट्रॉलीवर आली, की कोड राहतो स्टोअरमध्ये. कापलेल्या स्ट्रिपची गतही तीच. शिवाय एकाच औषधाचे ब्रँड खरेदीगणिक बदलतात आणि नावांचे साम्य तर विचारू नये. हिवतापावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ यांचा वाद २००१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

विद्यार्थिनींना आम्ही योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री घोकून घेतो. पण इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० एककांच्या कुपीबरोबर १०० एककांचे इन्सुलिनही वापरात आहे आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: चाळीसची लाल टोपीची, शंभरची केशरी. शंभरचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात २० ऐवजी ५० एकके जातात. केसपेपरवरील औषध बरोबर, आकडा बरोबर, सिस्टरने वाचलेली खूणही बरोबर. केवळ औषधाचे नाव तपासणारे यंत्र येथे खुशाल ‘ठीक’ म्हणेल. असे सापळे वॉर्डातल्या सिस्टरना ठाऊक असतात, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना नसतात. म्हणून प्रणाली ठरवणाऱ्या समितीत त्यांना पहिल्या दिवसापासून घ्यावे, उद्घाटनाच्या दिवशी गुलाबपुष्प देण्यापुरते बोलावू नये.

दुसरी अडचण सूचनांच्या भडिमाराची. औषधांविषयी संगणकाने दिलेल्या ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर बाजूला सारतात, असे २००६ मधील एका आढाव्यात नोंदवले आहे. रुग्णाचे वय, वजन, मूत्रपिंडाचे अहवाल पाहून नेमकी धोक्याची सूचना तेवढी पुढे आणणे, हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेने करावे. सिडनीतील परिचारिकांच्या निरीक्षणात औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नातेवाइकांचे प्रश्न, फोन आणि संपलेले सलाइन यांत आणखी एका यंत्राच्या पीं-पींची भर पडणार असेल, तर ते यंत्र नसलेले बरे.

तिसरी गोष्ट नोंदींची. अमेरिकेत नॅशव्हिल येथे २०१७ मध्ये एका परिचारिकेने औषधांच्या स्वयंचलित कपाटाची सूचना ओलांडून गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध काढले आणि रुग्ण दगावला. तिचा निष्काळजीपणा मोठाच होता. पण सूचना ओलांडणे त्या काळात तिथे रोजचेच झाले होते, असे तिचे म्हणणे होते. २०२२ मध्ये तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवण्यात आले. यंत्राची प्रत्येक नोंद उद्या कारणे दाखवा नोटिशीला जोडली जाणार असेल, तर थोडक्यात टळलेली चूक कोणीही आपणहून सांगणार नाही आणि यंत्राला शिकण्यासाठी लागणारी माहितीच आटेल. एकेका सिस्टरवर भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण असतात, ही बाब त्या नोंदीत दिसणारही नाही.

राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने पुढील निविदांमध्ये प्रत्येक कुपी आणि प्रत्येक गोळीच्या कप्प्यावर वाचता येण्याजोगा कोड असण्याची अट घालावी आणि सुरुवात इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड व हेपॅरिन यांसारख्या जोखमीच्या औषधांपासून करावी, अशी विनंती आहे.

– एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा