पडवीतली बाज आत घ्या

उलवे, नवी मुंबई
१८ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आंबे पोचले. दोन-चार दबले होते, बाकी उत्तम. साइटवरच्या पोरांनाही दिले. मे महिन्यात येते म्हणून आले नाही, त्याचा आईला राग आलाय. फोनवर धड बोलता येत नाही, मागे सतत मशिन चालू असतात, म्हणून लिहिते.

मॉलच्या तळघराचं काम पावसाच्या आत जमिनीच्या पातळीला आणायचंय. इथे वर भराव आणि खाली खाडीचा मऊ चिखल, म्हणून पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, पार कातळात नेलेत. खड्ड्यात रात्रंदिवस खारट पाणी झिरपतं. बाबा, तुम्हाला लगेच कळेल, रिकामं तळघर म्हणजे खुंट्याला बांधलेली होडीच. भोवतीचं पाणी तिला वर उचलू बघतं. वरचे मजले चढून पुरेसं वजन येईपर्यंत पंप बंद करायची सोय नाही. वीज जाईल म्हणून जनरेटर आणून ठेवलेत.

आई विचारत होती, दुकानांना एवढं काय लागतं? घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरतात, दुकानाच्या स्लॅबवर ४००. शिवाय तळघरात दोन खांबांमध्ये तीन गाड्या बसायला हव्यात, म्हणून आमचे खांब ८.४ मीटरवर आलेत. दुकानदाराला मधे खांब नको असतो, आणि एकदा पाया भरला की खांब सरकत नाही. या नकाशावर चार महिने गेले. मला बांधकामापेक्षा तेच अवघड वाटलं.

गेल्या शनिवारी राफ्ट, म्हणजे तळाचा जाड पाया, भरला. उन्हात काँक्रीट लवकर आवळतं, म्हणून रात्री, आणि पाण्यात बर्फ घालून केलेला माल. पहाटे तीनला आलेल्या गाडीतला माल किती पातळ आहे ते बघायला पत्र्याच्या कोनात भरून कोन उचलला, तर माल आमटीसारखा पसरला. वाटेत कुणीतरी पाणी घातलं होतं. सहा घनमीटर माल परत पाठवला. मुकादम म्हणाला, "मॅडम, एवढ्यानं काय होतं?" मला आपली पडवी आठवली.

तो स्लॅब भरला तेव्हा मी सात वर्षांची होते. घमेल्यांची रांग लागली होती, आई सगळ्यांसाठी शिरा करत होती. माल सैल व्हावा म्हणून मिस्त्री बादलीवर बादली ओतत होता आणि वाळू पुळणीवरची होती. तेव्हा कुणाला ठाऊक होतं! जादा पाणी सुकलं की काँक्रीटमध्ये बारीक भोकं राहतात, आणि वाळूतलं मीठ तर आतच होतं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. आई, दिवाळीत दाराशी पडलेली खपली तू केरात भरलीस ना, तिच्या जागी वर तांबडी सळई दिसत होती. तिच्याखाली बोटभरही काँक्रीट नव्हतं. इथे मी राफ्टखाली ७५ मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली तेवढं काँक्रीट राहावं म्हणून ठेवलेले ठोकळे, स्वतः फिरून तपासते, आणि माझे आई-बाप त्या पडवीत झोपतात.

बाबा, गिलावा करून घेतला म्हणालात. गिलाव्यानं सळई झाकली जाते, गंज थांबत नाही. माझं ऐका, दुपारची बाज माजघरात घ्या आणि आईला पडवीत तांदूळ निवडायला बसू देऊ नका. पावसाआधी टेकू लावून घ्या, पैसे पाठवलेत. राफ्टचे क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, २८ दिवसांनी तपासायचे आहेत. ते झालं की त्याच रात्री पनवेलहून गुहागरची एसटी धरते. सोबत दुरुस्तीची कामं करणारा जाणकार माणूस आणते. तो हातोडीनं ठोकून बघेल. स्लॅब उतरवायचा म्हणाला तर उतरवू. खर्चाचा विषय तुम्ही काढायचा नाही.

पत्र मिळालं की बाज हलवा आणि आईला मला फोन करायला सांगा.

तुमची,
मनू