हक्कसोडपत्राबद्दल, सही करायच्या आधी

आई, बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांब टाकलं की बाबा 'नंतर बघतो' म्हणतात आणि आई नुसता गुलाबाचा फोटो पाठवते, म्हणून हे दादाच्या मेलवर धाडतेय. दादा, प्रिंट काढून दे आणि तूही वाच, तुझ्यापासून लपवायचं काही नाहीये यात.

शेत आणि घर दादाला, आणि मी माझा वाटा सोडायचा, त्या हक्कसोडपत्राचा मसुदा मिळून तीन आठवडे झाले. मी उत्तर दिलं नाही याचा बाबांना राग आलाय हे आईच्या आवाजावरूनच कळतंय. रागाने गप्प नव्हते मी, खरंच. काय लिहू तेच कळेना, आणि तेवढ्यात मी जिथं राहते त्या घरातच वाटणी निघाली, मग म्हटलं ती होऊ दे, मग लिहू.

मी क्लातेनमध्ये राहते हे आई अजून शेजारणीला 'बालीत असते' असं सांगते. आई, बाली नाही गं, जावा. योग्यकार्ता आणि सोलो या दोन शहरांच्या मधे, उत्तरेला... नाही, वायव्येला मेरापी ज्वालामुखी, आणि त्या डोंगराच्या कृपेने जागोजागी झरे, म्हणून पाणी बारमाही. वर्षाला दोन-तीनदा भात. बाबांना हे बघून वेड लागेल, एका खाचरात कापणी चालू असते, त्याला लागून दुसऱ्यात चिखलणी आणि तिसऱ्यात रोपांचा तरवा, सगळं एकाच वेळी, ऋतू नावाची भानगडच नाही जणू. इथल्या देलांगूचा 'रोजोलेले' म्हणून वासाचा तांदूळ आहे, शिजला की घरभर कळतं. म्हटलं चला, आपल्या घनसाळला इथं भाऊ सापडला.

आमची वस्ती साठेक घरांची. तिला दुसून म्हणतात, म्हणजे आपली वाडी. अशा काही वाड्या मिळून एक 'देसा', आपल्या 'देश' मधलाच शब्द. पाण्याला आदराने बोलायचं असेल तर 'तोया', घराला 'ग्रिया'. म्हातारीसमोर मी तोया म्हटलं की ती खूश, पोरीला वळण आहे म्हणते. म्हातारी म्हणजे जिच्याकडे मी खोली घेतलीय ती, सगळे तिला म्बाह म्हणतात, आजी.

घरामागे हिचं परडं आहे, अगदी आपल्यासारखं. नारळ, केळी, पपई, फणस, कसावाचे कंद, मिरची, कोंबड्या, मासे सोडलेलं एक डबकं. शेतातला पैसा खतात आणि औषधात जातो, रोजचं खाणं परड्यातून निघतं. आई, तू परड्यातल्या अळवावर आमची शाळेची फी भरलीस ते मला इथं येऊन कळलं, तिथं असताना नाही कळलं.

जमिनीचं सांगते, बाबांसाठी. म्बाहचं शेत सगळं मिळून 22 गुंठे, आणि इथं त्याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण बहुतेकांचं अर्ध्या हेक्टरच्या आतच आहे. गंमत म्हणजे इंडोनेशियाचा 1960 चा कायदा सांगतो की शेतजमिनीचा व्यवहार करून 2 हेक्टरपेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही. पण वारसाने होणारी वाटणी त्यातून वगळलेली. म्हणजे पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं! आपल्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, चुलत्यांच्या आणि आपल्या बांधावर उभं राहिलं की दिसतं. त्याच 1960 च्या कायद्यात एक कलम मला फार आवडलं, गहाण घेतलेलं शेत सावकाराने सात वर्षं खाल्लं की पुढे एक पैसा न घेता मालकाला परत करायचं. आजोबांच्या वेळी असं असतं तर नदीकाठचं रान गेलं नसतं.

गावच्या कारभाऱ्यांना पदाबरोबर कसायला शेत द्यायची पद्धत आहे, 'बेंगकोक' म्हणतात. पद आहे तोवर शेत, पद गेलं की शेत पुढच्याला. आपल्याकडे पाटलांचं वतन बापाकडून पोराकडे जायचं, इथं तसं नाही. सातबाऱ्यासारखी जुनी नोंदवही गावच्या ऑफिसात असते, 'लेटर सी', पानं पिवळी पडलेली, खाडाखोड भरपूर. 2017 पासून सरकारने सगळ्या जमिनी मोजून सर्टिफिकेट द्यायची मोहीम काढली, तेव्हा म्बाहला तिचं मिळालं, हिरव्या पुठ्ठ्याचं. ते ती बिस्किटाच्या लाल डब्यात पलंगाखाली ठेवते, वर तांदळाच्या पापड्या. चोर आला तर पापड्या खाऊन जाईल म्हणते.

आता वाटणी. जावामध्ये दोन रीती आहेत. एक 'सा-पिकुल सा-गेंदोंगान', म्हणजे पुरुष खांद्यावर काठी घेऊन दोन्ही टोकांना टोपल्या लटकवतो, बाई ओढणीत बांधून पाठीवर एकच ओझं नेते, तेव्हा मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दुसरी 'दुम-दुम कुपात', कुपात म्हणजे नारळाच्या पात्यात विणलेला भाताचा मुटका, तो मधोमध कापावा तशी सारखी वाटणी. म्बाहला तीन मुलं. थोरला जकार्ताकडे फॅक्टरीत, मधली मुलगी शेजारच्या वाडीत दिलेली, धाकटा घरी. थोरल्याने हळूच पहिली रीत काढून बघितली. म्हातारी काही बोलली नाही, उठली, गेडेकमधून म्हणजे बांबूच्या विणलेल्या भिंतीतून एक अनी-अनी काढून आणली आणि चटईवर ठेवली.

अनी-अनी म्हणजे कापणीचं जुनं पातं, तळहातात लपेल एवढं, लाकडाच्या चपट्या तुकड्यात बसवलेलं, ते बोटांमध्ये धरून एक एक लोंबी कापायची. विळा दाखवला तर भाताची देवी, देवी श्री, घाबरते म्हणून हे लपवायचं पातं, आणि ते बायकांच्याच हातात असायचं. (म्बाह पाच वेळा नमाज पढते आणि कापणीआधी खाचराच्या कोपऱ्यात श्रीला नैवेद्यही ठेवते, तिला त्यात काहीच अडचण वाटत नाही.) सत्तरच्या दशकात बुटक्या जातीचे भात आले, विळे आले, व्यापारी उभं पीकच विकत घेऊन स्वतःची माणसं आणायला लागले आणि हे पातं भिंतीत गेलं. तर तिने ते ठेवलं आणि विचारलं, हे शेत कुणी कापलं? एवढंच. थोरला चहा प्यायला लागला.

मग दुसऱ्या दिवशी सगळे शेतावर गेलो, टेप, बांबूच्या खुंट्या, वाडीचा मुख्य आणि मी फुकटची साक्षीदार. पाटाजवळच्या तुकड्याला पाणी आधी मिळतं म्हणून तो हातभर लहान धरला. घर धाकट्याला, कारण आईला तोच सांभाळणार. आणि चौथा तुकडा म्हातारीने स्वतःच्या नावावर ठेवला. त्यातून तिचं औषधपाणी, आणि ती गेली की तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या आणि थेट हजाराव्या दिवसापर्यंत वाडीला घालायची जेवणं. उरेल ते मागाहून वाटा म्हणाली.

बाबा, मी त्या रात्री मसुदा परत उघडला. माझा हक्क सोडल्याचं आहे, शेत आणि घर दादाला बक्षीस दिल्याचं आहे. तुमच्या दोघांच्या नावाने पुढे काय राहतं ते दोनदा शोधलं. काहीच नाही हो. परडंसुद्धा नाही. दादा, तू वाईट आहेस असं मी म्हणत नाहीये, तू करतोस तेवढं मी इथून करू शकत नाही हेही मान्य, पण उद्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे लागले तर तिने तुझ्याकडे मागायचे, हे मला बरं नाही वाटत.

आणि आत्याचं. तिने सही केली तेव्हा मी लहान होते पण आठवतंय, साडी-चोळी, ओटी, पेढे, आणि ती मागल्या दारी जाऊन फणसाखाली उभी राहिली होती बराच वेळ. 2005 नंतर मुलीला मुलाएवढाच वाटा आहे हे तुम्हीच पेपरात वाचून मला सांगितलं होतं, मी दहावीत होते, अभिमानाने सांगितलं होतंत.

सहीसाठी मला जकार्ताला आपल्या वकिलातीत जावं लागेल असं वकील म्हणतोय. मी जात नाहीये. मेमध्ये सुट्टी काढून येते, तिकीट बघतेय. तोवर तलाठ्याकडे काही देऊ नका. टेप दादाने आणावा. आधी तुमच्या दोघांचा तुकडा बाजूला काढू, पाण्याजवळचा, मग आमचं बघू, मला किती आलं त्यावरून मी भांडणार नाही आणि कसायला दादाच कसेल. आत्याला जेवायला बोलवा. साडी नको देऊ आई या वेळी, नुसतं बोलव.

घनसाळचं बी मात्र जपून ठेवा, गेल्या वर्षी बियाणाचं पोतं पाहुण्यांना शिजवून घातलंत.

तुमची,
ताई