खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

माझी मुलगी आता पुन्हा शाळेच्या संघातून खेळू लागली आहे. आपले आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

गेल्या हंगामात खांबाकडे धावताना तिच्या मांडीच्या मागे चमक भरली आणि पुढचे पाऊलही टाकता येईना. घरात एकाच्या मते पूर्ण झोपून राहणे हा उपाय होता, तर दुसऱ्याच्या मते तेल लावून जोरात चोळणे. आपण दोन्ही थांबवलेत. हॅमस्ट्रिंगचे, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचे, काही तंतू फाटले आहेत, सुरुवातीला जोराने चोळले किंवा ताणले तर ते आणखी दुखावतील, पण भारच दिला नाही तर भरून येणारी नवी ऊती कमकुवत आणि आखूड राहील, हे आपण आम्हाला नव्हे, तिला समजावून सांगितलेत. चौदा वर्षांच्या मुलीशी इतक्या गांभीर्याने बोलणारे फार थोडे भेटतात.

सुरुवात अगदी साधी होती: गुडघा किंचित वाकवून टाच गादीत दाबून धरायची. मग सेतुबंधासनासारखी कंबर उचलणे, आधी दोन्ही पायांवर, नंतर एकाच. त्याच्या जोडीने, पाठीवर झोपून मांडी दोन्ही हातांनी उभी धरायची आणि दुखायला लागण्याच्या अलीकडे थांबेपर्यंत गुडघा सावकाश सरळ करायचा. हा व्यायाम स्वीडनचे संशोधक कार्ल आस्कलिंग यांच्या पद्धतीतला असल्याचे आपणच सांगितलेत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, स्नायू लांब होत असतानाच त्याला भार पेलायला लावणारे व्यायाम करणारे फुटबॉलपटू सरासरी 28 दिवसांत पूर्ण सरावाला परतले, तर नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना 51 दिवस लागले. वेगाने धावताना पाऊल टेकण्याच्या जरा आधी हा स्नायू ताणलेला असतो आणि त्याच क्षणी पुढे झेपावणाऱ्या पोटरीला त्याला आवरावे लागते, हे कळल्यावर नुसते स्ट्रेचिंग का पुरत नाही, याचा उलगडा झाला. खो-खोमध्ये तर बसल्या जागेवरून उठून दोन-तीन पावलांत पूर्ण वेग घ्यावा लागतो.

मला सर्वाधिक मोल वाटते ते आपण तारीख न देण्याचे. स्पर्धा जवळ आली होती, प्रशिक्षक रोज विचारत होते आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारत होतो. दुखणे थांबल्यानंतरही आपण तिला गुडघा सरळ बांधून, झोपल्या झोपल्या पाय जमेल तितक्या वेगाने वर उचलायला सांगितलेत. दुखले नाही, पण भीती वाटली, असे ती म्हणताच आपण तिला त्या स्पर्धेतून बाजूला ठेवलेत. एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा असतो, हे ती रडत असतानाही आपण शांतपणे सांगितलेत आणि त्याच बैठकीत पुढच्या टप्प्याचे व्यायामही शिकवलेत.

सध्या आठवड्यातून दोनदा नॉर्डिक चालू आहे: गुडघ्यांवर उभे राहून, मैत्रिणीने घोटे धरलेले असताना, शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. आता संघातल्या इतर मुलीही सरावाआधी हा व्यायाम करतात. काही जणी कमरेत वाकतात, असे मला वाटते. आपल्या सवडीने एखाद्या संध्याकाळी मैदानावर येऊन आपण त्यांना तपासावे, अशी प्रशिक्षकांची आणि माझी विनंती आहे.

आपली ऋणी,
एका खो-खोपटूची आई