नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र: आमच्या टाकीतला मैला जातो कुठे?

माननीय नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका लहान नगरपालिकेच्या हद्दीत मी राहते. आमच्या भागात भुयारी गटार नाही, ज्याच्या त्याच्या घरामागे सेप्टिक टँक आहे. दर तीन वर्षांनी पालिकेची गाडी येईल आणि टाकी उपसून नेईल, असे आम्हाला वॉर्डाच्या सभेत सांगितले होते. त्यासाठी घरपट्टीत स्वच्छता कर वाढवला. तो आम्ही वेळेवर भरतो. गाडी काही आली नाही. यंदा ऐन महालक्ष्म्यांच्या सणात, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, टाकी तुंबली आणि संडासातून घाण उलटी वर आली.

माझ्या यजमानांना अर्धांगवायू झालेला आहे. भर पावसात त्यांना दोघांनी धरून शेजारच्या घरी संडासाला न्यावे लागले. उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणापुढे हात पसरला नाही, ते शेजाऱ्याच्या दारात ‘आत जाऊ का?’ असे विचारत उभे होते. रात्री ते जेवायलाच तयार होईनात, पुन्हा जावे लागेल म्हणून. पालिकेत फोन केला तर गाडी नादुरुस्त आहे, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला आहे, एवढेच उत्तर. साहेब, प्रस्ताव मंजूर होईपर्यंत आजारी माणसाने काय करायचे?

मी माझ्याकडून हयगय केलेली नाही. संडासात ॲसिड ओतत नाही, पॅड किंवा चिंध्या टाकू देत नाही, टाकीच्या झाकणावर फरशी बसवलेली नाही. पण टाकी कितीही जपली तरी गाळ तळाशी साचतच राहतो. तो वेळेवर उपसला नाही तर घट्ट मैला पाण्याबरोबर शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, उतरतो आणि तिथल्या मातीची छिद्रे बुजतात. आमची तर काळी जमीन, पावसाळ्यात आधीच पाणी पीत नाही. एकदा शोषखड्डा निकामी झाला की नुसती टाकी उपसून भागत नाही, खड्डाच नवा खणावा लागतो. तो खर्च पालिका देणार आहे का?

शेवटी खासगी टँकर बोलावला. त्याने मागेल तेवढे पैसे घेतले. वरचे पाणी ओढून झाल्यावर तळाचा गाळ पाइपात येईना, तेव्हा बरोबरचा पोरगा सदरा काढून फावडे घेऊन आत उतरायला निघाला. विशीचाही नसेल. मी त्याचा हात धरला. ‘मावशी, आम्ही नेहमीच उतरतो,’ म्हणाला. त्या गाळात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. फावड्याने ढवळला की एकदम सुटतो. आधी नाकच बधिर करतो, त्यामुळे वास गेला असे वाटते आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही कोसळतो. मे २०२३ मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, अशा टाकीत पाच मजूर मेले. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना देशात ३७७ माणसे मेली, हा आकडा केंद्र सरकारनेच संसदेत दिलेला आहे.

माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने माणसाला असे विनासुरक्षा उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा योग्यच आहे. पण उद्या तो पोरगा माझ्या टाकीत मेला असता तर गुन्हेगार मी ठरले असते, आणि ज्यांनी कर घेऊन गाडी पाठवली नाही त्यांना कुणी हात लावला नसता. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख ठरवली. मेल्यावर तीस लाख द्यायची तयारी आहे, मग जिवंतपणी एक धड गाडी का देता येत नाही?

आणि तो टँकर रिकामा कुठे झाला? गावाबाहेरच्या नाल्यात. तोच नाला पुढे नदीला मिळतो आणि त्या नदीकाठच्या विहिरींचे पाणी खालची गावे पितात. गावाच्या वेशीवर मात्र हागणदारीमुक्तीचा फलक आहे. घरोघर संडास बांधले हे चांगलेच झाले, मी स्वतः त्यासाठी बायकांमध्ये फिरले आहे. पण संडासाचा फोटो काढून अनुदान दिले की सरकारचे काम संपले, खाली साचणाऱ्या मैल्याचे काय करायचे ते नागरिकाने आणि ठरावीक जातींत जन्मलेल्या पोरांनी बघून घ्यायचे, हीच या राज्यकारभाराची रीत झाली आहे. रस्त्याचे उद्घाटन होते, पाण्याच्या टाकीचे होते, मैला उपसण्याच्या गाडीचा नारळ फोडायला कुणी येत नाही, म्हणून ती नादुरुस्तच राहते.

जमत नाही असे म्हणू नका. वाई आणि सिन्नर या आपल्याच राज्यातल्या लहान नगरपालिकांनी २०१८ पासून वेळापत्रक आखून, दर तीन वर्षांनी एकदा, घरोघरच्या टाक्या उपसायला घेतल्या आणि मैल्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे चालवली. लोकांनी बोंब मारायची वाट त्यांनी पाहिली नाही.

म्हणून मला लेखी उत्तर हवे आहे. आमच्या पालिकेची गाडी कोणत्या तारखेला सुरू होईल? कोणत्या वॉर्डात केव्हा येईल, ते वेळापत्रक कुठे लावणार? उपसलेला मैला कोणत्या केंद्रात जाईल? खासगी टँकरवाल्यांना परवाना कोण देतो, आणि माणूस आत उतरवला तर तो रद्द कोण करतो? आजवर घेतलेला स्वच्छता कर कुठे खर्च झाला, तेही कळवावे.

आपली,
घरपट्टी आणि स्वच्छता कर नियमित भरणारी एक नागरिक