भाकरी तोलून, मटण निवडून

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

मधुमेहासाठी भात सोडून भाकरीवर आलास, तरी जेवणानंतरची रक्तातली साखर २२० च्या खाली येत नाही, याचं मला नवल वाटलं नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. एका मोठ्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ सहज लागतं. अशा दोन खाल्ल्यास की जवळजवळ ३०० ग्रॅम शिजलेल्या भाताइतकी कर्बोदकं पोटात गेली. पीठ एकदा काट्यावर तोल. ४० ग्रॅम पिठाची एक भाकरी पुरे. आणि उपास म्हणून साबुदाणा नको, तो निव्वळ पिष्ट आहे.

आता तुझा खरा प्रश्न: मधुमेहात मटण चालेल का? मटण, कोंबडी, मासे यांत कर्बोदकं जवळपास नसतात. रविवारी साखर चढवतात ते सोबतचे वडे, रस्स्यातला बटाटा आणि 'थोडासा' भात. मटणाचा त्रास वेगळा: चरबी, म्हणजे हृदयाला धोका. म्हणून मांडीचं घे, दिसेल ती चरबी काढायला लाव. खिमा समोर करून घे, तयार खिम्यात चरबी किती गेली ते कळत नाही. हाडं सोडून १०० ग्रॅम कच्चं मटण एका जेवणाला भरपूर. त्यातून २० ग्रॅम प्रथिनं मिळतात.

मटण आदल्या दिवशी नुसतं हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजव आणि फ्रिजमध्ये ठेव. सकाळी वर पांढरा थर गोठलेला दिसेल, तो चमच्याने काढून टाक. मग वाटण परतून घाल. सुकं खोबरं दोन चमचेच, बाकी दाटपणा कांद्याने येतो. तर्रीचे शौकीन नाक मुरडतील, मुरडू देत! एरवी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली तव्यावर कर, रव्याचा जाड थर न देता. सॉसेज-सलामी मात्र नकोच, त्यात मीठही फार असतं.

जेवताना आधी कोशिंबीर आणि मटण, मग भाकरी मोड. या क्रमाने साखर कमी उसळते. पहिल्या घासापासून दोन तासांनी तपास, १८० च्या आत हवी. जेवण तेलकट असेल तर चार तासांनीही तपास, कारण चरबीमुळे अन्न पोटात रेंगाळतं आणि साखर उशिरा चढते.

तू ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतोस, म्हणून भाकऱ्या एकदम निम्म्या करण्याआधी डॉक्टरांशी बोल, नाहीतर साखर फार उतरेल. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपास. त्या वेळी शेंगदाणे किंवा मटण कामाचं नाही.

मूत्रपिंडं ठीक आहेत का ते कळायला लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन या वर्षी तपासलंस का? त्यात बिघाड असेल तर भाकरीची जागा मटणाने भरू नकोस. प्रथिनं किती खायची ते डॉक्टरांनाच विचार. रिपोर्ट आले की आकडे कळव.

तुझा,
सुहास