पॅनेल बसले, आता प्रश्न तयार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने चालवता येणारा मोठा पडदा) बसले, फीत कापली गेली, असे फोटो आता जिल्ह्याच्या पानावर वरचेवर दिसतात. गावाने लोकवर्गणी काढलेली असते, माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवलेले असतात आणि त्यामागची तळमळ खरी असते. प्रश्न पुढचा आहे. त्या पॅनेलवर पाठाचा व्हिडिओ लागतो, मुले आठ-दहा मिनिटे गप्प बसून बघतात आणि शेवटी ‘समजलं का?’ म्हटले की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’वरून कोणाला काय कळले, हे शिक्षकाला समजत नाही. हात वर करायला सांगितले तर रोजचेच पाच-सहा हात वर येतात. उरलेली मुले शांत असतात आणि शांततेला आपण लक्ष समजतो.

मुले तासात गुंततात ती प्रत्येकाला स्वतःचे उत्तर द्यावे लागते तेव्हा. सगळ्यांनी, एकाच वेळी, शिक्षकाला दिसेल असे उत्तर द्यायचे. याला पॅनेलची गरजही नाही. पाटी आणि खडू पुरतो. छातीशी धरलेली बोटे पुरतात: पर्याय पहिला असेल तर एक बोट, चौथा असेल तर चार. ‘तीन, दोन, एक’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम दाखवायचे. एकदम हा शब्द महत्त्वाचा, कारण अर्ध्या सेकंदाचा उशीर मिळाला तरी मुले शेजारच्या हुशार मुलाकडे बघून बोटे बदलतात.

पण खरे काम प्रश्नात आहे. सहावीच्या दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. ‘सर्वांत मोठी संख्या कोणती?’ आणि पर्याय: ०.४, ०.३५, ०.१२५, ०.०९. यातला एकही चुकीचा पर्याय उगाच घातलेला नाही. ०.१२५ निवडणारे मूल दशांश चिन्हानंतरचे अंक ‘एकशे पंचवीस’ असे पूर्ण संख्येसारखे वाचते. ०.३५ निवडणारे बहुधा रुपये-पैसे डोळ्यांपुढे आणते आणि ०.४ म्हणजे चार पैसे समजते. ०.०९ निवडणाऱ्याची नजर सर्वांत मोठ्या अंकावर गेलेली असते. बोटे वर आली की कोणाला काय सांगायचे आहे, ते शिक्षकाला तिथेच दिसते.

इथे एक फसगत होते आणि ती अनुभवी शिक्षकांच्याही नजरेतून सुटते. ०.४ हे बरोबर उत्तर चुकीच्या कारणानेही येते. ‘जितके अंक कमी, तितकी संख्या मोठी’ असा काही मुलांचा समज असतो. दशांश शतांशापेक्षा मोठा, हे अर्धवट ऐकून तो तयार होतो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न हवा: ०.६ मोठी की ०.६३? पहिल्या प्रश्नात सुटलेले मूल इथे सापडते. दोन्ही प्रश्न जोडीने विचारले तरच निदान पूर्ण होते, एकट्या पहिल्यावर थांबू नये.

यावरचा उपायही साधा आहे. दहा गुणिले दहा चौकटींचा चौरस द्यावा. ०.४ साठी चार उभे पट्टे रंगवायचे, ०.३५ साठी पस्तीस चौकटी. चार पट्ट्यांत चाळीस चौकटी आहेत हे मूल स्वतः मोजते आणि ०.४ व ०.४० एकच आहेत हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्याबरोबर ‘पॉइंट पस्तीस’ म्हणण्याची सवय वर्गात बंद करावी, ‘पॉइंट तीन पाच’ असेच वाचावे. क्रिकेटमधल्या १९.४ षटकांची आठवण मुले हमखास काढतात. तेव्हा तो दशांश नाही, पुढचे ४ म्हणजे सहापैकी चार चेंडू, हे स्पष्ट सांगून टाकावे. नाहीतर ०.५ नंतर ०.६ न येता १ येतो, असे लिहिणारी मुले भेटतात.

उत्तरे आल्यावर काय करायचे, याची पद्धत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास घालून दिली आणि ती आपल्या पाचवी-सहावीलाही लागू पडते. आधी प्रत्येकाने एकट्याने, न बोलता विचार करायचा, मग उत्तर दाखवायचे. साधारण ३० ते ७० टक्के मुले बरोबर असतील, तर शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही. वेगळे उत्तर असलेला जोडीदार शोधून मुलांनी दोन मिनिटे एकमेकांना पटवायचे आणि मग पुन्हा उत्तर दाखवायचे. तीस मुलांच्या वर्गात हा पट्टा नऊ ते एकवीस मुलांचा होतो. नवापेक्षा कमी बरोबर असतील तर चर्चेत चुकीचेच पक्के होते, तिथे संकल्पना पुन्हा शिकवावी. एकवीसपेक्षा जास्त असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जावे आणि उरलेल्या मुलांना नंतर जवळ बसवावे. सगळे धरून एका प्रश्नाला सात-आठ मिनिटे जातात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत असे दोन प्रश्न होतात, फार तर तीन. दहा प्रश्नांची चाचणी घ्यायचा मोह टाळावा.

प्रश्न विचारल्यानंतर थांबणे हेही शिकावे लागते. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत १९७० च्या आसपास मोजून पाहिले, तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत असल्याचे आढळले. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरे लांब आणि सकारण झाली, गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद उभे राहून पाहिले की ते किती मोठे वाटतात, हे कळते. मनात एक-दोन-तीन मोजणे हाच उपाय.

आता तंत्रज्ञान. ते नोंद ठेवायला आणि हाताने दाखवता न येणारी गोष्ट दाखवायला वापरावे. प्लिकर्ससारखी कागदी कार्डे आहेत. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी आकृती असते, चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरे असतात. आपले उत्तर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे आणि शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. मुलांकडे फोन लागत नाही, शिक्षकाचा एक फोन आणि त्याला नेट एवढेच लागते. नेहमीच्या संचात ४० कार्डे येतात. कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवला की कोणाचे काय उत्तर होते, ते नंतर नावासकट बघता येते. फसते कुठे? चकचकीत लॅमिनेशन केले की खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. साध्या जाड कागदावर छपाई करावी किंवा मॅट लॅमिनेशन घ्यावे. मुलांचे अंगठे आकृतीवर येतात, म्हणून कडेला धरायची सवय पहिल्याच दिवशी लावावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्यांदा उत्तरे घेण्याआधी पॅनेलवर आलेख दाखवू नये. कोणत्या पर्यायाला जास्त मते आहेत हे दिसले की मुले विचार सोडून बहुमताकडे जातात. तीच गोष्ट वेगाला गुण देणाऱ्या क्विझची. त्यात पटकन बटण दाबणारा जिंकतो आणि सावकाश पण नीट विचार करणारे मूल हळूहळू प्रयत्न सोडते. घड्याळ बंद करता येत असेल तरच ती घ्यावी.

कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही मोफत सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे आभासी प्रयोग, आवर्जून वापरावीत. ‘फेट’ २००२ मध्ये नोबेलविजेते कार्ल वाइमन यांनी सुरू केले, त्यातली अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवायही चालतात. पण आधी खरी वस्तू हातात द्यावी. दोन सेल आणि टॉर्चचे दोन बल्ब एकसर, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, जोडायला सांगा. जोडण्याआधी पाटीवर अंदाज लिहून घ्या: पहिला बल्ब जास्त उजळेल, दुसरा की दोन्ही सारखे? पुष्कळ मुले ‘पहिला’ लिहितात, कारण वीज वाटेत ‘संपते’ असे त्यांना वाटते. आणि बाजारातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसल्याने कधी कधी पहिला खरोखरच जास्त उजळतो! मग चुकीची समजूत प्रयोगानेच पक्की होते. अशा वेळी बल्बांची अदलाबदल करावी. जास्त उजळणारा बल्ब जागा बदलूनही तसाच उजळला, तर फरक बल्बचा आहे, जागेचा नाही. त्यानंतर पॅनेलवर तेच मंडल जोडून विद्युतधारा दोन्हीकडे मोजून दाखवावी. सिम्युलेशनमधले बल्ब अगदी सारखे असतात, म्हणून त्याची जागा प्रयोगानंतर.

व्हिडिओ लावायचाच असेल, तर दोन-दोन मिनिटांनी थांबवावा आणि पुढे काय होईल ते पाटीवर लिहून घ्यावे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरचे दीक्षा ॲपमधले साहित्य आदल्या दिवशी उतरवून ठेवावे, तासाला नेटची वाट बघण्यात वर्ग हातचा जातो. पत्र्याच्या वर्गात पाऊस सुरू झाला की व्हिडिओचा आवाज ऐकू येत नाही. तेव्हा आवाज बंद करून शिक्षकानेच बोलावे, ते अधिक चांगले होते. पॅनेलवरचा मजकूर शेवटच्या बाकावरून वाचता आला पाहिजे. ६५ इंची पॅनेलची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर असते. सात मीटरवर बसलेल्या मुलासाठी अक्षर किमान चार सेंटिमीटर हवे, वर वेलांटी आणि खाली उकार धरले की एका ओळीला आठ सेंटिमीटर जातात. मथळा आणि समास सोडले की सहा-सात ओळी मावतात. पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान पडद्यावर लावले, तर मागची रांग ते वाचत नाही, नुसते बघते.

देणगीदारांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना विनंती आहे की सगळा पैसा पडद्यावर घालू नये. खिडक्यांना जाड पडदे, इन्व्हर्टर आणि बॅटरी, पडद्याला जोडायची एक जादा एचडीएमआय केबल यांचा हिशेब आधीच धरावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर २०० वॉटचे पॅनेल साधारण पाच तास चालते, म्हणजे शाळेचा दिवस बहुतेक निघतो. दिव्याचा प्रोजेक्टर असेल, तर आतला पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करायचे नाही, नाहीतर तापलेला दिवा लवकर जातो. धुळीची जाळी महिन्याला साफ करावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत केबली गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, जूनमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या केबली अनेक शाळांना सापडतात.

आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर वेळी एक तास फक्त प्रश्न तयार करायला द्यावा. प्रत्येक शाळेने एका घटकावरचा एक प्रश्न आणावा, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे कोणती समजूत आहे ते लिहावे, वर्गात किती मुलांनी कोणता पर्याय निवडला तो आकडा सोबत आणावा. ज्या पर्यायाकडे एकही मूल गेले नाही, तो बदलावा. वर्षभरात एका केंद्राकडे सगळ्या घटकांचा संच तयार होईल आणि एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला तो आयता मिळेल.

आपल्या वृत्तपत्राच्या विद्यार्थी पानावर दर आठवड्याला असा एक प्रश्न छापावा, चार पर्यायांसह. उत्तर पुढच्या आठवड्यात द्यावे आणि त्याबरोबर प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांना का बरोबर वाटतो, हेही द्यावे. पहिल्या आठवड्यासाठी वरचा दशांशाचा प्रश्न खुशाल घ्यावा.

आपले,
प्राथमिक शाळांतील गणित-विज्ञान शिक्षक